अ‍ॅडम गुड्सची हुर्यो कशासाठी होती? मेलबर्नहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे खाली दोन ओळी खरडून मोकळं होण्यापेक्षा स्वतंत्रच उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही बरीच वर्षं मेलबर्नला आहात, तिथल्या कॉलिंगवूड या फुटबॉल क्लबचे पक्के समर्थक आहात आणि अ‍ॅडम गुड्सवरचा माझा लेख तुम्हाला एकतर्फी वाटला. गुड्स म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला सिडनी स्वान्सचा आदिवासी खेळाडू, ज्याला प्रेक्षकांनी मैदानामैदानावर हुर्यो दिली; ती वंशभेदातून होती, असं माझं म्हणणं. तुमचं म्हणणं असं, की गुड्स फ्री किकसाठी मुद्दाम पडायचा आणि लोक त्यालाच वैतागले होते. 13 वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवून त्याने तिची चारचौघांत शोभा केली. आणि हुर्यो हा खेळाचाच भाग आहे, वानखेडेवर सचिनची उडवली, हार्दिकची उडवली, ते काय घरी जाऊन बसले?

आधी पडण्याचं बोलू. ही टीका त्याच्यावर व्हायची, ते मान्यच आहे. पण ब्राउनलो मेडल, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम आणि सभ्य खेळाडूचा मान, कसं ठरतं हे मी तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे अंपायर तिघांना 3, 2, 1 अशी मतं देतात, आणि त्या मोसमात बंदी आलेला खेळाडू कितीही मतं मिळाली तरी बाद ठरतो. गुड्सने ते दोनदा जिंकलं, 2003 मध्ये आणि 2006 मध्ये. म्हणजे ज्यांना तो फसवतो असं म्हणणं आहे, त्यांनीच त्याला दोन वेळा सर्वोत्तम आणि सर्वात सभ्य खेळाडू ठरवलं. 2003 ला तर तिघांची बरोबरी झाली होती. गुड्स, अ‍ॅडलेडचा मार्क रिचुटो आणि तुमच्या कॉलिंगवूडचा नेथन बकली.

तुमच्या प्रतिक्रियेत त्याच्या खेळाबद्दल एवढंच एक वाक्य होतं, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. 1997 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात, 43 व्या क्रमांकावर निवडला गेलेला पोरगा. 1999 ला सिडनी स्वान्सकडून पहिला सामना, आणि त्याच वर्षी मोसमातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान. रकमध्ये उडी मारून चेंडू खाली ढकलायचं काम उंच, भक्कम माणसांचं. मिडफिल्डमध्ये पळपळ पळायचं काम चपळ माणसांचं. गोल मारायचं काम फॉरवर्डचं. गुड्सने हे सगळं केलं, कधी कधी एकाच सामन्यात. 372 सामने, 464 गोल. 2005 चं विजेतेपद तर वेस्ट कोस्टला अवघ्या 4 गुणांनी हरवून मिळालं आणि क्लबचा 72 वर्षांचा दुष्काळ संपला. क्लबचं नाव साउथ मेलबर्न असताना 1933 ला जिंकले होते, त्यानंतर थेट हे. 2012 च्या हॉथर्नविरुद्धच्या फायनलमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट दुखावला. गडी बाहेर बसला नाही. त्याच पायावर खेळत राहिला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये गोलही मारला. याला नाटकी म्हणायचं तर मग अस्सल कोणाला म्हणायचं?

आता ती मुलगी. 24 मे 2013, एमसीजी, कॉलिंगवूड विरुद्ध सिडनी. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी राखलेल्या राउंडचा पहिलाच सामना. शेवटच्या क्वार्टरमध्ये कुंपणाजवळून हाक आली, ‘एप’, म्हणजे वानर. गुड्स थबकला, वळला आणि सुरक्षारक्षकाला बोटाने जागा दाखवली. हाक मारणारी 13 वर्षांची आहे हे त्याला त्या क्षणी कुठून कळणार? कळल्यावर त्याने काय केलं ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर तो म्हणाला की दोष तिचा नाही, तिला आधार द्या. तिने फोनवर माफी मागितली, त्याने ती स्वीकारली. विषय तिथे मिटला असता. पण पाचच दिवसांनी कॉलिंगवूडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर रेडिओवर बोलून गेले, की किंग काँग या महाकाय वानराच्या नाटकाच्या जाहिरातीसाठी गुड्सला वापरावं. हे तेच गृहस्थ, जे सामन्याच्या रात्री सिडनीच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन माफी मागून आले होते. 13 वर्षांच्या पोरीला समज नव्हती म्हणू, यांचं काय?

आणि बोट दाखवण्याबद्दल एक विचारतो. जानेवारी 2021 मध्ये सिडनीच्या मैदानावर सिराजने खेळ थांबवून अंपायरना स्टँड दाखवला, पोलिसांनी सहा जणांना बाहेर काढलं. तेव्हा आपण सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. सहन करायला हवं होतं, असं आपल्यापैकी कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

हुर्योचा मुद्दा तुमचा सगळ्यात दमदार आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. 2006 मध्ये इंग्लंडविरुद्ध सचिन 1 धाव काढून बाद झाला आणि वानखेडेने त्याला हुर्यो दिली, खरंय. 2024 च्या आयपीएलमध्ये हार्दिकला दिली, कारण रोहितचं कर्णधारपद त्याच्याकडे गेलं होतं. तेही वाईटच होतं. पण दोन्हीकडे राग क्रिकेटचा होता आणि तो क्रिकेटनेच धुऊन निघाला. त्याच जुलैमध्ये वर्ल्डकप घेऊन संघ आला तेव्हा तेच वानखेडे हार्दिकच्या नावाने घोषणा देत होतं. गुड्सला अशी सोय नव्हती. तो चांगला खेळला तरी हुर्यो, वाईट खेळला तरी हुर्यो. चेंडू त्याच्या हातात आला की सुरू, त्याने पास दिला की बंद.

ती कधी वाढत गेली तेही बघा. पंधरा मोसम तो असाच खेळत होता, असाच पडत होता म्हणा हवं तर. 2014 च्या जानेवारीत तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला, वंशभेदावर उघड बोलू लागला. त्याची आई लहानपणी सरकारने घरच्यांपासून तोडून नेलेल्या मुलांपैकी. हा विषय त्याला पुस्तकातून कळलेला नव्हता. मे 2015 मध्ये कार्लटनविरुद्ध गोल मारल्यावर त्याने युद्धनृत्य केलं, शेवटी भाला फेकल्याचा आविर्भाव केला. आदिवासी मुलांच्या संघाकडून शिकलेलं ते नृत्य होतं. हुर्यो होतीच, त्यानंतर ती जवळपास प्रत्येक मैदानावर पोचली. जुलैअखेर पर्थमध्ये इतकी झाली की तो पुढच्या सामन्याला उतरलाच नाही. पडणं जुनं होतं, बोलणं नवं होतं. कारण कुठलं ते तुम्हीच ठरवा.

आणि वानखेडेचं नाव काढलंच आहे तर 2007 पण काढू. अँड्र्यू सायमंड्सला बघून माकडाचे हावभाव करणारे आपलेच होते. काहींना पोलिसांनी धरलं. तेव्हाही ‘गंमत हो, खेळात चालायचंच’ हे कानावर आलंच होतं.

‘घरी जाऊन बसला’ हे मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. एक सामना चुकवून तो जिलाँगविरुद्धच्या सामन्यात परत आला आणि मोसम संपेपर्यंत खेळला. सेमीफायनल हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांना सांगून निवृत्त झाला. फायनलच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना गाडीतून मैदानाची फेरी मारतात, ती त्याने नाकारली. 2019 मध्ये एएफएल, म्हणजे ही लीग चालवणारी संस्था, आणि सगळ्या 18 क्लबांनी जाहीर माफी मागितली, त्यात तुमचा कॉलिंगवूडही होता. 2021 मध्ये हॉल ऑफ फेम देऊ केलं, तेही त्याने घेतलं नाही. मला विचाराल तर घ्यायला हवं होतं, पण तो हट्ट करायचा हक्क त्याने कमावलेला आहे.

बकलीवर लिहायची तुमची सूचना एकदम पटली. 2002 च्या फायनलमध्ये ब्रिस्बेनकडून 9 गुणांनी हरूनही सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता, आणि खेळाडू म्हणून त्याला विजेतेपद शेवटपर्यंत मिळालं नाही. तो सामना तुम्ही मैदानात बसून पाहिला असेल तर मला मेल करा, लेखात तुमच्या आठवणी घालतो.