लाकडी बोटीवर 'कायमचं' फायबर चढवण्याआधी

किनाऱ्यावरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरतोय. मी तो दोनदा बघून सोडून दिला होता. तिसऱ्यांदा तो मामाने पाठवला, आणि सोबत कळवलं की ठेकेदाराशी बोलणं झालंय. मामाची दाभोळ खाडीत जुनी मोटार होडी आहे, आजोबांच्या काळातली. फळ्या सागाच्या, आतल्या बरगड्या दुसऱ्या लाकडाच्या, आणि अलीकडच्या दुरुस्त्यांत बाजारात मिळेल ते लाकूड बसवलेलं. "एकदाच काय तो खर्च रे, मग कटकट मिटली," मामा म्हणाला. कटकट मिटणार नाही, बोट मिटेल, हे फोनवर सांगून पटेना. म्हणून लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: लाकडी बोटीचं आयुष्य 12 वर्षं. लाकूड पाण्याने कुजतं, तेव्हा पाण्याचा संबंधच तोडा. आधी लाकडाला जळकं ऑइल भरपूर पाजा, मग आतून आणि बाहेरून फायबर करा (म्हणजे काचधाग्याचं कापड रेझिन या चिकट रसायनाने बसवून कडक कवच करा). 30 वर्षं हात लावायला नको. माशाचं तेल वगैरे जुन्या लोकांची अंधश्रद्धा. लोखंडी खिळे काढून सगळीकडे स्टेनलेस मारा. बोट हलकी होते, डिझेल वाचतं. 'केंद्र सरकारच्या संस्थेने सिद्ध केलेली पद्धत.' खाली फोन नंबर.

सोबत फोटो आहे. आरशासारखी चमकणारी तांबूस बोट, आणि वर ओळ: 'परदेशात सगळे असंच करतात.' ती बोट रिवा आक्वारामा आहे. इटलीत इझेओ सरोवराकाठी सार्निको नावाचं गाव आहे, तिथे 1962 पासून 1996 पर्यंत या बोटी बनल्या. महोगनीच्या. फोटोतली चमक फायबरची नाही, वार्निशची आहे. थरावर थर, प्रत्येक थर घासायचा आणि मगच पुढचा द्यायचा. असली बोट बाळगणारे लोक ती छपराखाली ठेवतात आणि घासकामावर, वार्निशवर पैसा ओतत राहतात. 'हात लावायला नको' या जाहिरातीसाठी यांनी नेमकी अशी बोट निवडली, जिला हात लावता लावता मालकाचा जन्म जातो.

12 वर्षांचं काय ते एका उदाहरणात सांगतो. मुंबईच्या वाडियांच्या गोदीत मलबारच्या सागाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली गेली आणि 1817 मध्ये पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, आणि पाण्यावर तरंगतेय. अनेक वर्षांचं दुरुस्तीचं काम 2001 मध्ये पूर्ण झालं, तेव्हाही तिचं निम्म्याहून अधिक लाकूड मूळचंच होतं. आता कोणी म्हणेल, ती युद्धनौका, तिच्यामागे पैसा होता. बरोबर. आपल्याकडे आंब्याची फळी लावून, पावसात उघडी टाकून, बोट 12 वर्षांत गेली तर त्यात नवल नाही. पण तो दोष लाकूड या जातीचा नाही.

आता मुख्य गोष्ट, आतून-बाहेरून फायबर.

लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजतं. बुरशीला पाणी लागतं, तशी हवाही लागते. म्हणून कायम खाऱ्या पाण्यात बुडालेल्या फळ्या बहुतेक वेळा ठणठणीत असतात. कुजलेलं कुठे सापडतं? डेकच्या कडेखाली, केबिनच्या कोपऱ्यात, नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या लाकडाच्या) वरच्या टोकाला, झाकणांच्या चौकटीत. म्हणजे जिथे पावसाचं गोडं पाणी शिरतं आणि निघत नाही तिथे. लाकडी बोटीचा खरा शत्रू खालून येत नाही, वरून येतो. मेसेज लिहिणाऱ्याला हेच माहीत नाही, आणि बाकी सगळी घाण या एका अज्ञानातून निघालीय.

अमेरिकेत मॅडिसनला तिथल्या वनखात्याची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, 1910 पासूनची. तिचं 'वुड हँडबुक' इंटरनेटवर फुकट मिळतं. ठेकेदाराने दहा मिनिटं खर्च केली असती तरी पुरे होतं. त्यातला हिशोब सोपा आहे. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजण्याची भीती नाही. तो साधारण 30 टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला, की बुरशीचं राज्य. उघडी फळी भिजते आणि वाळते, भिजते आणि वाळते. आत हवा खेळती असेल तर ती धोक्याच्या रेषेवर फार काळ राहत नाही. दोन्ही बाजूंनी फायबर मारलंत की वाळण्याची वाट बंद झाली. भिजण्याची मात्र बंद होत नाही. डेकवरच्या प्रत्येक बोल्टचं भोक, रेलिंगचा प्रत्येक पाय, इंजिनाच्या थरथरीने पडलेली प्रत्येक बारीक चीर ही आत जायची वाट आहे. गेलेलं पाणी दोन थरांमध्ये राहतं, उबेला, अंधारात. अर्धवट वाळलेल्या कुरडया डब्यात भरून झाकण घट्ट लावलं तर काय होतं ते घरातल्या बाईमाणसाला विचारा.

आणि वाईट म्हणजे दिसत काहीच नाही. उघड्या लाकडात फळी मऊ पडली तर सुताराच्या पटाशीला कळतं, रंग फुगतो, वास येतो. फायबरखाली बरगडीचा भुगा झाला तरी वरून बोट नवी कोरी दिसते. मग एखाद्या दिवशी बाहेर समुद्रात, लाटेच्या आपटण्याने, ते वरचं कवच एकटंच सगळा भार घेत असल्याचं कळतं. खलाशी आत असतात तेव्हा.

दुसरं, लाकूड हलतं. सागाचं आकुंचन-प्रसरण इतर लाकडांच्या मानाने कमी, म्हणून तर तो बोटीला चांगला. तरीही त्याच हँडबुकातले आकडे घेऊन हिशोब करा: ज्या फळीच्या टोकावर वर्षवलयं आडवी दिसतात अशी 20 सेंटिमीटर रुंद सागाची फळी 12 टक्के ओलाव्यापासून पुरती भिजेपर्यंत गेली, तर रुंदीला सुमारे 7 मिलिमीटर वाढते. एक फळी! बोटीच्या एका बाजूला अशा किती असतात ते मोजा. जुना सुतार सांध्यात कापूस ठोकून भरतो तो याचसाठी: फळ्या फुगल्या की कापूस दाबला जातो आणि सांधा बंद होतो. त्या जोराला फायबरचं पातळ कवच अडवणार? एकतर ते लाकडापासून सुटतं, नाहीतर फळ्या आतल्या बरगड्यांचे खिळे उपटतात. त्यात साग तेलकट, आणि हे लोक वापरतात ते स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन, जे लाकडाला मुळातच नीट धरत नाही. एपॉक्सी बरं धरतं. पण त्याचा भाव सांगितला की 'एकदाच खर्च'वाले गप्प होतात.

हे काम करणार कधी, तेही बघा. 1 जूनला मासेमारी बंदी लागते, बोटी वर ओढून शाकारल्या जातात, तेव्हाच मालकाला सवड. म्हणजे ऐन पावसात. हवेत 85-90 टक्के आर्द्रता असताना लाकूड कितीही दिवस छपराखाली ठेवा, ते 17-20 टक्क्यांवरच अडकतं, म्हणजे वर सांगितलेल्या 20च्या रेषेला जवळजवळ टेकूनच. कोकणात जून-जुलैमध्ये लाकूड 'कोरडं करून' फायबर मारतो म्हणणारा माणूस एकतर हवामान विसरलाय किंवा तुम्हाला मूर्ख समजतोय. मामाच्या ठेकेदाराला मी विचारलं, ओलावा मोजायचं मीटर आहे का? उत्तर आलं, "हाताला कोरडं लागतं ना, बास."

जळक्या ऑइलबद्दल काय बोलावं? याच मेसेजमध्ये आधी लाकडाला ऑइल पाजायला सांगितलंय आणि लगेच त्यावर रेझिन चढवायला! तेलावर रेझिन धरत नाही, हे फायबरच्या दुकानात काम करणारा पोरगाही सांगेल. दोन वेगवेगळे मेसेज कोणीतरी एकत्र चिकटवलेत आणि कोणी वाचूनही बघितलं नाही. शिवाय इंजिनातलं काढलेलं ऑइल बोटीच्या तळात ओतायचं, मग तळाचं पाणी उपसताना ते खाडीतच जाणार. त्याच खाडीत आपली जाळी.

माशाच्या तेलाला अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं, की तेल पाणी बंद करत नाही, त्याचं जाणं-येणं मंद करतं. फळी एकदम तडकत नाही, एकदम फुगत नाही, आणि तरी श्वास घेते. काजूच्या टरफलाचं तेलही त्याच कामाचं, वर बुरशी आणि कीड यांना काहीसं नकोसं. वास येतो, हे मान्य. दरवर्षी द्यावं लागतं, हेही मान्य. लाकडात भोकं पाडणाऱ्या किड्याला नुसत्या तेलाने आळा बसत नाही, हे तर आजोबांनाही ठाऊक होतं.

त्या किड्यावरून एक गोष्ट कबूल करायला हवी, मनात नसलं तरी. तो किडा म्हणजे वाळवीचा भाऊ नव्हे. कालवं-तिसऱ्यांच्या कुळातला, शिंपल्यातला जीव आहे. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून बाहेरून शिरतो आणि आत वाढत वाढत बोगदे करतो. त्याला अडवायला बाहेरचं अखंड आवरण खरंच उपयोगी पडतं. आणि 'केंद्र सरकारची संस्था' हेही अगदी हवेतलं नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडाच्या होड्या करून त्यांवर फायबरचं आवरण दिलं होतं. पण ते नव्या लाकडावर, आधी संरक्षक रसायन मुरवून, छोट्या होड्यांसाठी. चाळीसेक वर्षं खारं-गोडं पाणी प्यालेल्या, खिळ्यांनी भरलेल्या, इंजिनाने हादरणाऱ्या होडीला आतून-बाहेरून गुंडाळा, असं त्या कामातून निघत नाही. संस्थेचं नाव वापरून स्वतःचा नंबर छापायचा, ही चलाखी आहे. कोणाला फायबरच हवं असेल तर त्याने सरळ नवी फायबरची बोट घ्यावी. अनेकांनी घेतलीय, सुतार मिळत नाहीत आणि लाकूड परवडत नाही म्हणून. त्यात काही चूक नाही.

स्टेनलेसबद्दल थोडक्यात. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या बारीक पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा टिकायला हवा लागते. पाण्याखालच्या ओल्या फळीच्या पोटात हवा नाही. तिथे खिळ्याचं डोकं चकचकीत राहतं आणि मधला दांडा झिजून सुईसारखा होतो. डेकवर, केबिनला खुशाल वापरा. पाण्याखाली गॅल्व्हनाइज्डच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) जागी गॅल्व्हनाइज्ड, तांब्याच्या जागी तांबं. दोन धातूंची खिचडी तर नकोच नको: इंग्रजी आरमाराने 1761 मध्ये 'अलार्म' जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले, आणि काही वर्षांत तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाल्ले गेल्याचं आढळलं. अडीचशे वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेला धडा आहे हा.

डिझेल वाचतं? आहे त्या बोटीवर आणखी दोन थर चढवून ती हलकी कशी होणार, हे गणित ज्याला जमेल त्याने मला शिकवावं.

मामाच्या बोटीला काय लागतंय ते आता सुताराने पाहून सांगितलंय. डेकची कड गळतेय, तिच्याखालची एक फळी आणि दोन बरगड्यांची टोकं मऊ आहेत. तेवढंच कापून नवं बसवायचं, सांधे उकलून पुन्हा कापूस भरायचा, तळाला किड्यावरचा रंग द्यायचा. शाकारताना वरचं छप्पर दोन्ही टोकांना उघडं ठेवायचं, म्हणजे आतून वारा जाईल. गच्च ताडपत्री बांधून टाकणं म्हणजे फायबरचाच धाकटा भाऊ.

ज्यांनी आधीच दोन्ही बाजूंनी करून घेतलंय, त्यांनी निदान आतला थर काढायला घ्या. बाहेरचा सध्या राहू द्या. तळातल्या फळकुट्या उचलून ठेवा, झाकणं उघडी टाका. मग लहान हातोडी घेऊन नाळेपासून सुरुवात करा आणि डेकच्या कडेखालून मागपर्यंत ठोकत जा. टणक आवाज बदलून बद्द झाला, तिथे खूण करा. बोट वर ओढलेली असतानाच खुणेच्या जागी बारीक भोक पाडून बघा. भुगा कोरडा आणि फिका आला तर भोक बुजवून टाका. ओला, काळपट आला, तर तो भाग उघडावाच लागेल; वरून रेझिनचं आणखी एक पूट मारून ते पाणी आत कोंडू नका.