पंधरा इंचीच भारी? खानापूरच्या वाचकाला उत्तर

माझ्या आधीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: बेस गिटारच्या घरगुती कॅबिनेटसाठी तीन ड्रायव्हरची (म्हणजे बॉक्समध्ये बसवायच्या स्पीकरची: १२ इंची, १५ इंची आणि कार सबवूफर) तुलना केली, पण तिघांना वेगवेगळे बॉक्स दिले, म्हणजे ती तुलनाच नव्हे. १५ इंचीला मुद्दाम मागं टाकलं. कार सबवूफर स्वस्तात दणका देतो, त्याला नावं ठेवली. आणि शेवटी, ‘मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं, आमच्या १५ इंचीपुढं तुमचा १२ इंची किरकोळ आहे.’ तुमचा ड्रायव्हर ६० लिटरच्या बंद बॉक्समध्ये बसवलाय, हेही तुम्ही लिहिलंत, ते बरं केलंत.

आधी बॉक्सचं बघू. एकाच बॉक्समध्ये तिन्ही ड्रायव्हर आळीपाळीनं लावले की न्याय झाला असं वाटतं, पण तशा चाचणीत ज्याला तो बॉक्स योगायोगानं जमतो तो जिंकतो. हिशोब करून दाखवतो. पीएच्या (सभा-कार्यक्रमांच्या लाऊडस्पीकरच्या) कामाचा १२ इंची घ्या: एफएस (मोकळ्या हवेतला रेझोनन्स, म्हणजे स्पीकरचा पडदा, कोन, सर्वांत सहज डोलतो ती फ्रिक्वेन्सी) ४५ हर्ट्झ, क्यूटीएस (ते डोलणं किती सैल आहे त्याचा आकडा; जास्त म्हणजे आवर कमी) ०.३६, व्हास (कोनाच्या टांगणीइतकीच लवचिक असलेली हवा) ८० लिटर. या जातीच्या ड्रायव्हरचे आकडे साधारण असेच असतात. तो ६० लिटरच्या बंद बॉक्समध्ये टाकला तर बॉक्ससकट क्यू होतो ०.५५ आणि रेझोनन्स चढतो ६९ हर्ट्झवर. आवाज ९३ हर्ट्झलाच ३ डेसिबल पडलेला असतो, आणि ओपन ई तारेचा ४१ हर्ट्झ तर ११ डेसिबल खाली. ऐकणारा म्हणणार, ड्रायव्हर पोकळ आहे. त्याच ६० लिटरला पोर्ट (हवा ये-जा करायचा पाईप) देऊन ५० हर्ट्झवर ट्यून करा, तोच ड्रायव्हर ५० च्या आसपासपर्यंत सरळ चालतो.

आता कार सबवूफर: एफएस २८, क्यूटीएस ०.५, व्हास ६०. याला ६० लिटरचा बंद बॉक्सच मानवतो. क्यू बरोबर ०.७०७, रेझोनन्स ४० हर्ट्झ. म्हणजे लिटर तेवढेच, पण एकाला पोर्ट हवा आणि दुसऱ्याला नको. तिघांना एकच बॉक्स दिला असता तर निकाल आधीच ठरला असता. म्हणून प्रत्येकाला त्याच्या आकड्यांप्रमाणं बॉक्स दिला आणि मग तुलना केली.

तुमच्या १५ इंचीचे आकडे तुम्ही दिले नाहीत. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, लहान मॅग्नेटच्या १५ इंचीचा क्यूटीएस ०.६ आणि व्हास २०० लिटरच्या घरात असायला हरकत नाही. एफएस ४० धरू. ६० लिटरच्या बंद बॉक्समध्ये त्याचा क्यू जातो १.२५ वर, आणि १०० हर्ट्झच्या आसपास पावणेतीन डेसिबलचा उंचवटा येतो. तुम्ही ज्याला ‘भारी’ म्हणता तो बहुधा हाच उंचवटा. एकट्यानं वाजवताना तो गोड लागतो. ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि कीबोर्डचा डावा हात सुरू झाला की जी, जीशार्प हे सूर अंगावर येतात आणि ई, एफ गायब होतात. मग वादक टोनच्या बटणाशी झटापट करत बसतो, पण दोष बॉक्सच्या लिटरांत असतो.

कोन मोठा म्हणून हवा जास्त ढकलली जाते, हेही अर्धंच खरं. हवा ढकलली जाते कोनाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा पुढंमागं प्रवास इतकी. १२ इंचीचं क्षेत्रफळ सुमारे ५३० चौरस सेंमी, १५ इंचीचं ८५५. १२ इंचीचा एक्समॅक्स (कोनाचा एका बाजूचा कमाल प्रवास) ५ मिमी असेल तर २६५ घन सेंमी हवा हलते. स्वस्त १५ इंचीचा एक्समॅक्स ३ मिमी असेल तर २५६. झाली की बरोबरी! शिवाय एक सप्तक खाली गेलं की बंद बॉक्समध्ये तेवढ्याच आवाजासाठी प्रवास चौपट लागतो. म्हणून खालच्या सुरांना मॅग्नेटवर छापलेले वॅट संपायच्या आधी प्रवास संपतो. त्या वॅटकडं बघून ड्रायव्हर घेणाऱ्यांची कॉइल (कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) आधी ठोके खाते, जळते नंतर. चांगला, लांब प्रवासाचा १५ इंची असेल आणि १०० लिटरच्या पुढचा बॉक्स उचलायची तयारी असेल, तर माझा काही विरोध नाही.

कार सबवूफरचा मुद्दा वेगळा आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ‘बेस’ फक्त खालचं काम करतो, वरचं सगळं ‘टॉप’ सांभाळतात. बेस गिटारच्या कॅबिनेटला टॉप नसतो. बोटांची घासण, स्लॅपचा टणत्कार, सूर नेमका कुठं सुरू झाला हे सगळं ५०० हर्ट्झपासून ३ किलोहर्ट्झपर्यंत असतं. कार सबवूफरचा कोन जड आणि कॉइलचा इंडक्टन्स (वरच्या फ्रिक्वेन्सीला होणारा अडथळा) मोठा, त्यामुळं काहीशे हर्ट्झनंतर तो मान टाकतो. आवाज मोठा येतो, पण कुठला सूर वाजला ते कळत नाही. त्यात सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला मिळणारा आवाज) ८७ डेसिबल, पीएच्या १२ इंचीची ९७. दहा डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. १०० वॅटच्या अँपवर जो आवाज १२ इंची देईल, त्यासाठी सबवूफरला १००० वॅट द्यावे लागतील. छापील आकडाही नीट वाचा. २.८३ व्होल्टवर मोजलेला असेल आणि कॉइल ४ ओहमची असेल, तर तो २ वॅटचा आकडा आहे, त्यातून ३ डेसिबल वजा करा. दोन ४ ओहमच्या कॉइलवाला सबवूफर पॅरललमध्ये जोडला की २ ओहम होतात. अँपच्या मागं ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असेल तर तो अँप गेलाच म्हणून समजा.

मोबाईलच्या रेकॉर्डिंगवर निकाल देऊ नका. फोनमधलं आवाज आपोआप वरखाली करणारं सर्किट सगळे ड्रायव्हर सारखे करून टाकतं, खालचा भाग बऱ्याचदा कापलेला असतो, आणि ते परत फोनच्याच स्पीकरवर ऐकलं तर बेस ऐकूच येत नाही, फक्त त्याचे वरचे हार्मोनिक येतात. समोरासमोर ऐका, आणि आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. एका डेसिबलनं मोठा असलेला ड्रायव्हर कानाला नेहमी ‘चांगला’च वाटतो.

तुमचा ड्रायव्हर खरोखर कसा आहे ते घरी मोजता येतं. ड्रायव्हर बॉक्सबाहेर काढा आणि उभा, मोकळ्या हवेत धरा, टेबलावर पालथा नको. फोनमधल्या टोन जनरेटर ॲपचा आवाज अँपला द्या, अँपचं आउटपुट १० व्होल्ट करा, आणि ड्रायव्हरच्या मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाका. आता ड्रायव्हरच्या टोकांवर १० मिलिव्होल्ट म्हणजे जवळपास १ ओहम. मोठ्या रीडिंगला हा हिशोब कमी दाखवतो (८६.४ ओहमला साडेएकोणऐंशी दिसतील), तिथं नीट भागाकार करा. इथंच बरेच जण अडकतात: स्वस्त पिवळ्या मीटरची एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर काहीच दिसत नाही. एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटरच लागतो.

फ्रिक्वेन्सी हळूहळू बदला. जिथं रीडिंग सर्वांत जास्त, तो एफएस. समजा ४६ हर्ट्झला ८६.४ ओहम आले आणि कॉइलचा डीसी रेझिस्टन्स ५.४ आहे. भागाकार १६, त्याचं वर्गमूळ ४. आता ५.४ गुणिले ४, म्हणजे २१.६ ओहम शिखराच्या दोन्ही बाजूंना कुठं येतात ते शोधा. ३५ आणि ६०.५ आले तर ४६ गुणिले ४, भागिले २५.५, म्हणजे ७.२ हा क्यूएमएस (फक्त यांत्रिक भागांचा क्यू). त्याला १६ नं भागलं की क्यूटीएस ०.४५. ताळा असा: ३५ आणि ६०.५ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ४६ च आलं पाहिजे. नाही आलं तर मोजणी चुकली. मग ड्रायव्हर तुमच्या ६० लिटरच्या बंद बॉक्सवर घट्ट बसवून नवा रेझोनन्स बघा. ७० आला तर ७० भागिले ४६, त्याचा वर्ग, त्यातून १ वजा, गुणिले ६०, म्हणजे व्हास सुमारे ७९ लिटर. गॅस्केटमधून हवा गळत असेल तर हा आकडा खोटा येतो, म्हणून कडेला फोमची पट्टी लावाच.

१२ इंचीचा बॉक्स करायचाच झाला तर आतलं माप ४० बाय ५०, खोली ३६ सेंमी. म्हणजे ७२ लिटर. ड्रायव्हर, आडव्या पट्ट्या आणि पाईप वजा जाता ६० च्या आसपास उरतात. पोर्टला ११० मिमीचे दोन पीव्हीसी पाईप, प्रत्येकी २६.४ सेंमी, पुढच्या १८ मिमी प्लायची जाडी धरून. ११० हे बाहेरचं माप आहे, पाईपची लांबी काढायच्या सूत्रात आतलं घाला, सुमारे १०४. ट्युनिंग ४५ वर न्यायचा मोह होतो, पण मग पाईप ३४ सेंमीचा होतो आणि मागच्या फळीपासून जेमतेम साडेतीन सेंमी जागा उरते. हवा तिथं गुदमरते, ट्युनिंग सरकतं. निदान पाईपच्या व्यासाइतकी जागा सोडा, नाहीतर एल्बो लावा. पाच तारांचा बेस असेल तर अँपमध्ये ३५ ते ४० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) हवाच, कारण ट्युनिंगच्या खाली पोर्टवाल्या बॉक्समध्ये कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि बी तारेवर तो मोकाट फडफडतो.

प्लाय आयएस ७१० चा (मरीन प्लाय) घ्या. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसात एमडीएफच्या कडा फुगतात आणि स्क्रू सैल होतात. ड्रायव्हर लाकडी स्क्रूनं न बसवता टी-नटनं (प्लायमध्ये मागून ठोकायचा दातेरी नट) बसवा. पाईपभोवती लावलेल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत ड्रायव्हर आत बसवू नका. वरच्या पद्धतीनं तुमच्या १५ इंचीचे तीन आकडे काढून पाठवा, बॉक्स किती लिटरचा हवा ते मांडून देतो.