नागिणीनंतर डोळा दुखत नाही, म्हणून तो बरा झाला असं नाही

सोलापुरात सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: 'नागिणीने डोळ्याला जखम झाली तरी दुखणं आणि लाली गेली की बुबुळ भरलं समजा. पुढच्या तपासण्या म्हणजे पैसे उकळणं. परत चुरचुरलं तर आधीचेच थेंब घाला.' हे वाचून माझ्या आत्याने दोन तपासण्या चुकवल्या, म्हणून लिहितेय.

'दुखणं गेलं म्हणजे बरं झालं.' सगळ्यात घातक वाक्य हेच. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर नागीण उठते ती मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेच्या वाटेने, आणि बुबुळाला संवेदना देते तीही त्याच नसेची फांदी. दुखतंय हे कळवणारी ती, बुबुळाच्या वरच्या थराला जगवणारी द्रव्यं पुरवणारीही तीच. ती निकामी झाली की जखम भरत नाही आणि भरत नाहीये हे कळतही नाही. आत्या पूर्व भागात राहते, घराला लागूनच यंत्रमाग. डोळ्यात कापसाची तूस जायची आणि तिला पत्ता नसायचा. डॉक्टरांनी कापसाचा तंतू बुबुळाला टेकवला, पापणी हलली नाही. जुन्या मधुमेहातही ही संवेदना कमी होते.

लालीचं तेच. डोळा बाहेरून शांत दिसतो आणि आत वरचा थर निघालेला असतो.

'तपासण्या म्हणजे पैसे उकळणं.' त्या तपासणीत काय होतं ते मी शेजारी उभं राहून पाहिलंय. फ्लुरोसीन नावाच्या रंगाची कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवतात. निळ्या प्रकाशात, जिथे थर नाही तिथे हिरवं चमकतं. त्या डागाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहितात, फोटो काढतात, मागच्या वेळेशी ताडून पाहतात. कडा गुळगुळीत, गुंडाळल्यासारख्या झाल्या असतील तर थर पुढे सरकत नाहीये. खालचा भाग पातळ होत असेल तर बुबुळाला भोक पडायची भीती. साधं खरचटलेलं बुबुळ काही दिवसांत भरतं. दोन आठवड्यांनीही डाग तेवढाच असेल तर उपचार बदलावे लागतात: स्वतःच्या रक्तातून बनवलेले सीरमचे थेंब, जखम झाकणारी मऊ बँडेज लेन्स, कधी पापण्या थोड्या शिवून घेणं. अमेरिकेत 2018 साली मंजूर झालेलं सेनेजरमिन हे थेंबांचं औषध तर दिवसातून 6 वेळा, 8 आठवडे घालायचं असतं. हे सगळं लागू पडतंय की नाही, घरच्या आरशात कसं दिसणार?

डाग मिटला तरी काम संपत नाही. संवेदना परतली नसेल तर तोच थर पुन्हा निघू शकतो. म्हणून नायलॉनच्या बारीक धाग्याने संवेदनाही मोजतात: 6 सेंटिमीटरचा लांब, मऊ धागा टेकला तरी जाणवला तर उत्तम, धागा आखूड, म्हणजे ताठ करत न्यावा लागला तर नस अजून दुबळी.

'आधीचेच थेंब घाला.' कृपा करून नको. नागिणीत डॉक्टर कधी स्टेरॉइड देतात, पण नजर ठेवून. मनाने घातलं तर जखम भरणं लांबतं, बुबुळ विरघळूही शकतं. वेदनाशामक थेंबांनीही हा धोका असतो. सुन्न करणारे थेंब तर घरी असूच नयेत.

आणि नजर अचानक धूसर झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना घरातल्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या.