आमच्या कॅबरेतील एक मरण

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या नाटकांतील प्रवेश, कविता आणि गाणी गुंफून दोन तासांचा 'कॅबरे' बसवावा, ही कल्पना माझी होती, हे मी आजही टिळकवाडीत मोठ्या आवाजात सांगत नाही. जर्मनीत कॅबरे म्हणजे राज्यकर्त्यांना चिमटे काढणारी गाणी आणि नकला, आणि खुद्द ब्रेख्तही तरुणपणी गिटार घेऊन आपली गाणी म्हणत. परंतु बेळगावात हा शब्द हिंदी चित्रपटांच्या वाटेने आलेला असल्यामुळे हस्तपत्रिका वाटताच देणगी कबूल केलेल्या कुंद्याच्या व्यापाऱ्यांनी "सर, घरात सुना आहेत की आमच्या" म्हणून हात वर केले, आणि कित्येक वर्षे नाटकाकडे न फिरकलेल्या पेन्शनर मंडळींनी पहिली रांग भरून टाकली.

आमच्या पेटीवाल्या काकांचा प्रश्न वेगळा होता. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, हे ते पेटीला हात लावण्यापूर्वी एकदा सांगतात. ब्रेख्त यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा' नाटकातील, कुर्ट वाइल यांची 1928 साली बर्लिनमध्ये गाजलेली चाल त्यांच्या बोटांखाली दुसऱ्या ओळीलाच भीमपलासात शिरे आणि तिथून निघता निघत नसे. मी हरकत घेतली, तेव्हा त्याच नाटकाचा 'तीन पैशाचा तमाशा' करणारे पु. ल. एके काळी बेळगावात प्राध्यापक होते, तेव्हा ब्रेख्त आता गावचाच माणूस झाला, असे बिनतोड उत्तर मिळाले.

प्रेक्षकाने नाटकात वाहून जाऊ नये, म्हणून ब्रेख्त अर्धाच पडदा लावीत आणि प्रवेशात काय घडणार ते फलकावर आधीच सांगून टाकीत. आमचा अर्धा पडदा म्हणजे मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर होती, आणि तिच्यावरून धोतर सावरणारे न्यायाधीश पहिल्या रांगेला छातीपर्यंत स्पष्ट दिसत होते. फलक धरणाऱ्या मुलाने मात्र गठ्ठाच उलटा धरला. त्यामुळे 'मदर करेज'मधील मुकी कात्रिन पहिल्यांदा रंगमंचावर आली, ती 'कात्रिन गोळी लागून मरते' या फलकापाठोपाठ. त्यानंतर ती प्रत्येक प्रवेशात धडधाकट वावरू लागली, तसतशी पहिल्या रांगेत चुळबुळ वाढली आणि अखेर कुणीतरी म्हणालेच, "अजून मेली न्हाई की ही!"

शेवटी कात्रिन छपरावर चढली आणि झोपलेल्या शहराला सावध करण्यासाठी गणेशोत्सव मंडळाकडून आणलेला ताशा बडवू लागली. सैनिकाने नेम धरला. त्याचे दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल वाजले नाही. त्याने पुन्हा चाप ओढला, मग तोंडाने "ठो" म्हणून पाहिले, परंतु ताशाच्या गजरात ते कात्रिनला ऐकू गेले नाही आणि ती रंगात येऊन बडवीतच राहिली. तेव्हा पहिल्या रांगेतील एक आजोबा काठी टेकून उठले आणि विंगेकडे पाहून, अगदी मदतीच्या स्वरात, म्हणाले, "अरे पोरा, तो मघाचा बोर्ड दाखव की परत तिला!"