पोपट होण्याचे कायदेशीर मार्ग

मुंबईत जिवंत प्राणी घेणं हे खोली घेण्यासारखंच. समोर दिसते, आवडते, परवडतेसुद्धा, आणि मग कोणीतरी विचारतं, "कागद आहेत का?" घरातलं कार्टं "पक्षी हवा" म्हणून अडून बसलं की बापाने क्रॉफर्ड मार्केटला निघण्याआधी चार कायदे वाचावेत असं माझं मत आहे. कोणी वाचत नाही, म्हणून सांगतो.

1951 चा महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतो, नेमून दिलेली वेळ-जागा सोडून रस्त्यावर जनावर विकायला मांडायचं नाही. त्याच दमात तो हेही बजावतो की रस्त्यावर फर्निचर पुसायचं नाही, घोड्याला खरारा करायचा नाही आणि गाडी बनवायची किंवा दुरुस्त करायची नाही. मात्र अचानक अपघात झाला तर जागीच दुरुस्ती चालेल. आपल्या नाक्यावरच्या गॅरेजात वर्षभर चालतो तो अचानक अपघातच असणार.

पालिकेचा 1888 चा कायदा तर पाय मोजतो. खाण्यासाठीचं चारपायी जनावर परवान्याशिवाय मंडईबाहेर विकता येत नाही. या कलमातून कोंबडी दोन पायांवर निसटते. मांस-मासळीलाही तोच नियम, पण समुद्रातून थेट किनाऱ्याला लागलेल्या होडीतली ताजी मासळी होडीतूनच विकायला मुभा. कोळणीशी हुज्जत घालायची छाती गोऱ्या साहेबाचीही नव्हती, असा मी अर्थ काढतो.

आता स्टेशनाबाहेर पाटीत चिवचिवणारी, गुलाबी-हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्लं. ही बहुतेक अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं. अंडी घालणार नाहीत, अंगाने भरणार नाहीत, म्हणून हॅचरीला नकोशी. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. म्हणजे डोक्यावर बल्ब हवा. आपण ठेवतो बुटाच्या खोक्यात, पंख्याखाली. दोन-तीन दिवसांत खोकं रिकामं होतं आणि पिल्लू "गावाला गेलं" असं सांगावं लागतं. उपासमार, तहान, दाटी यांनी हाल झालेला प्राणी विकायला ठेवणं हा 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड 10 ते 50 रुपये. नो-पार्किंगमधली स्कूटर याहून महाग पडते.

दुकानातून घ्यायचं, तर 2018 च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. फी 5000 रुपये, मुदत 5 वर्षं. आठवडी बाजारातला गाळा आणि ऑनलाइन विक्रीही यात आली. प्रमाणपत्र मागून बघा. "सेठ बाहर गया है" हे उत्तर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

खरी गंमत पोपटाची. आपला कंठवाला पोपट 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो विकणं, पाळणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. "पहाडी है, बात करेगा" असं कोणी कानाशी कुजबुजलं तरी तोच मामला, कारण पहाडीही देशीच. चाळीच्या गॅलरीत "मिठू मिठू" करणारा प्राणी रोज स्वतःच्या तोंडाने मालकाविरुद्ध साक्ष देत असतो. आफ्रिकन ग्रे हा परदेशी पोपट घ्यायचा तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी. मात्र ऑस्ट्रेलियाचे छोटे पोपट बजरीगर आणि कॉकाटिएल यांना ती भानगड नाही. स्वदेशीचा आग्रह माणसाला तुरुंगात नेतो, असं हे एकच खातं.

तेव्हा उरतो बजरीगर. मुंबईचा दुकानदार त्यालाच "लव्हबर्ड" म्हणतो, वाद घालू नका. चोचीवरचा मांसल भाग मोठ्या नरात निळा, मादीत तपकिरी. पिल्लांमध्ये धड कळत नाही, त्यामुळे हौसेने आणलेली "जोडी" अनेकदा दोन भाऊ निघतात. अशा वेळी पोपट कोणाचा झाला ते सांगायला नको. पिंजरा आडवा, निदान दोन फूट लांब, गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आत. गोल पिंजरा दिसायला छान, उडायला कुचकामी. खायला राळे, बाजरी, चोच घासायला समुद्रफेस.

आणि वन-रूम-किचनमध्ये पिंजरा ओट्याजवळ टांगत असाल, तर नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नका. जास्त तापलेल्या लेपाच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो. डोसे बिडाच्या तव्यावर घाला. पहिले चार चिकटतील.