‘दोन टिचक्यांत बदलता येतं, मग तक्रार कसली?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अँड्रॉइडवरच्या गेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. फोन कंपन्यांना गूगलने घातलेल्या अटींमुळे ग्राहकाची निवड हिरावली गेली, आणि भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी ठोठावलेला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड योग्यच होता, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: अँड्रॉइड फुकट आहे, कोणी जबरदस्ती केलेली नाही, ज्याला नको त्याने दोन टिचक्यांत ब्राउझर आणि सर्च बदलावा, बाहेरून ॲप घेऊ दिली तर आधीच बोकाळलेली फसवणूक आणखी वाढेल, दंडातला एक रुपयाही ग्राहकाच्या खिशात येत नाही. शिवाय ‘आता गूगलचं कोणतंही ॲप फोनमधून काढून टाकता येतं’ हे माझं वाक्य तुम्ही खोटं ठरवलंत, कारण तुमच्या फोनवर फक्त ‘डिसेबल’ दिसतं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. आयोगाच्या आदेशात दहा निर्देश होते आणि आधीपासून टाकलेली गूगलची ॲप पूर्ण काढता यावीत, हा त्यांतला एक होता. पण २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवून चार निर्देश रद्द केले, त्यांत हाही गेला. प्रकरण नंतर सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे मी आदेश वाचून वाक्य लिहिलं आणि अपिलाचा निकाल त्यात धरला नाही. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

मात्र ‘डिसेबल म्हणजे जवळजवळ डिलीटच’ हे तुमचं म्हणणं बरोबर नाही. फोनच्या साठवणुकीचे ढोबळ दोन भाग असतात. कारखान्यात टाकलेली ॲप सिस्टिमच्या भागात बसतात आणि तिथे आपल्याला लिहिता-पुसता येत नाही. त्या ॲपची नंतर आलेली अपडेट्स मात्र आपल्या वापराच्या भागात उतरतात. तेव्हा नुसतं ‘फोर्स स्टॉप’ करून उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडा, ॲप निवडा, डिसेबल करा. ‘मूळ आवृत्ती परत आणायची का’ असं फोनने विचारलं तर होकार द्या, आणि ते विचारलंच नाही तर आधी मेनूतून ‘अनइंस्टॉल अपडेट्स’ करा. साठवलेला डेटाही पुसा. इतकं केल्यावर अपडेटने खाल्लेली जागा मोकळी होते. मूळ फाइल जिथे होती तिथेच राहते.

संगणकाला फोन जोडून एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) आज्ञेने ॲप ‘उडवायची’ युक्ती तुम्ही सुचवलीत. ती चालते, पण त्या आज्ञेत वापरकर्ता शून्य, म्हणजे फोनचा मुख्य वापरकर्ता, असं लिहावं लागतं आणि ॲप तेवढ्या वापरकर्त्यापुरतंच हटतं. फोन फॅक्टरी रिसेट केला की ते परत हजर. आणि त्यासाठी बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात, यूएसबी डिबगिंग सुरू करावं लागतं. बँकांची बरीच ॲप ते चालू दिसलं की उघडायलाच नकार देतात. काम झाल्यावर दोन्ही बंद करायला विसरू नका.

काय बंद करू नये, हे त्याहून महत्त्वाचं. गूगल प्ले सर्व्हिसेसला हात लावलात तर दुसऱ्याच ॲपचे संदेश वेळेवर येणं थांबतं, नकाशा जागा दाखवत नाही, लॉगिन अडकतं. अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू बंद केलं तर ॲपच्या आत उघडणारी पानं, विशेषतः पैसे भरण्याची, कोरी दिसतात किंवा ॲपच कोसळतं. क्रोम बंद करण्याआधी दुसरा ब्राउझर टाकून तो डिफॉल्ट करा. मेसेजेसचंही तसंच, नाहीतर ओटीपी कुठे आला ते कळणार नाही. आणि जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड! मराठीसाठी दुसरा कीबोर्ड आवडतो म्हणून जीबोर्ड बंद करणारे बरेच आहेत. फोनला अक्षरी पासवर्ड असेल तर रीस्टार्टनंतर पहिल्यांदा कुलूप उघडेपर्यंत बाहेरून टाकलेले काही कीबोर्ड चालतच नाहीत, आणि पासवर्ड टंकायला काही उरत नाही. चार आकडी पिन असेल तर अडत नाही.

आता ‘दोन टिचक्या’. सर्च एका जागी नसतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन बदललंत तरी होम स्क्रीनवरची शोधपट्टी गूगल ॲपची असते, ती तशीच राहते. पट्टी दाबून धरून काढता येते, पण काही फोनवर ती हलत नाही. आवाजी सहायक तिसरीकडे, डिफॉल्ट ॲप्समध्ये. तीन जागी तीन वेगळे बदल. हे तुम्हाला जमेल, मलाही जमेल. पण कायद्यासमोरचा प्रश्न कोट्यवधी लोक प्रत्यक्षात काय करतात हा होता. आणि बहुतेक लोक आयतं मिळालेलं बदलत नाहीत, हे गूगल आपल्या दोघांपेक्षा नीट जाणतं. अमेरिकेतल्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी सर्चमध्ये गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. त्या खटल्यात समोर आलं की फोन आणि ब्राउझरवर डिफॉल्ट राहण्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले. लोकांना गूगलच हवं असतं आणि नको असेल ते सहज बदलतात, हे तुमचं म्हणणं खरं असेल तर हा पैसा कशासाठी? याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत मला सापडलं नाही.

‘फुकट’बद्दल. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कोणीही घेऊ शकतो, हे खरं. पण तेवढ्यावर विकण्याजोगा फोन होत नाही. अमेरिकी निर्बंधांनंतर सप्टेंबर २०१९ मध्ये हुवावेने मेट ३० आणला. त्यात अँड्रॉइडचा खुला कोड होता, प्ले स्टोअर नव्हतं. हुवावेइतकी मोठी कंपनी असूनही चीनबाहेर तो फोन चालला नाही. कळीची वस्तू प्ले स्टोअर आहे आणि ती करारातूनच मिळते. आयोगाच्या आदेशापर्यंत ते हवं असेल तर सर्च, क्रोम, यूट्यूबसकट सगळा संच घ्यावा लागे, शोधपट्टी होम स्क्रीनवर ठेवावी लागे. आणि हा करार मिळण्याआधी दुसऱ्या करारावर सही करावी लागे: अँड्रॉइडच्या कोडपासून कोणी वेगळी वाट काढून बनवलेली प्रणाली आम्ही आमच्या कोणत्याही उपकरणावर टाकणार नाही. ‘कोणत्याही’ हा शब्द नीट पाहा. शंभर मॉडेल गूगलच्या अटींनी बनवून एकशे एकावं वेगळं काढलं, तर धोक्यात येत ती शंभर. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर अलीबाबाच्या अलियुन प्रणालीवरचा फोन शांघायमध्ये आणणार होती. कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला. गूगलच्या दबावामुळे, असं अलीबाबाने सांगितलं. गूगलची बाजू अशी की अलियुन अँड्रॉइडशी सुसंगत नाही आणि एसर तर सुसंगततेला बांधील आहे. दोन्ही बाजू खऱ्या मानल्या तरी बांधिलकी कुठे लागू होते ते यातून दिसतंच.

म्हणून ‘कोणी जबरदस्ती केली नाही’ हे मला पटत नाही. मोठं असणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही. स्पर्धा कायदा, २००२ मधलं कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल आहे, वर्चस्वाबद्दल नाही. एका अत्यावश्यक वस्तूला दुसऱ्या दहा बांधून देणं, हा आरोप होता आणि अपिलातही तो टिकला. पुढे काय झालं तेही बघा. १९ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देशांना स्थगिती नाकारली आणि २५ जानेवारीला गूगलने जाहीर केलं की भारतात फोन कंपन्यांना एकेक ॲप सुटं घेता येईल आणि नव्या फोनवर सुरुवातीलाच सर्च निवडता येईल. जे वर्षानुवर्षं अशक्य होतं ते सहा दिवसांत शक्य झालं.

युरोपात अँड्रॉइडबद्दल गूगलविरुद्ध लागलेल्या २०१८ च्या निकालानंतर गूगलने ॲपच्या संचासाठी फोन कंपन्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, आणि तुम्ही ते ‘बघा, फोन महागणार’ म्हणून मांडलंत. मला त्यातून उलटा अर्थ दिसतो. संचाला किंमत आधीही होतीच. फक्त ती पैशात न घेता होम स्क्रीनवरच्या जागेच्या रूपात घेतली जात होती, आणि ग्राहकाला बिलावर ती दिसत नव्हती.

फसवणुकीचा मुद्दा तुमचा सगळ्यात वजनदार आहे. आरटीओ चलान, बँकेचं केवायसी, वीजबिल अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (उघडली की ॲप इन्स्टॉल करणारी) येते, माणूस ती उघडतो, एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचण्याची आणि आपल्या वतीने बटणं दाबण्याची) परवानगी देतो आणि खातं रिकामं होतं. महाराष्ट्रात हे गावोगाव घडतंय. पण चॅटमधून आलेली फाइल वेगळी आणि दुसरं ॲप-दुकान वेगळं. अँड्रॉइड स्वतःच हा फरक करतो. अँड्रॉइड ८ पासून ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ची परवानगी सरसकट नसते, ज्या ॲपमधून फाइल येते त्यालाच द्यावी लागते. अँड्रॉइड १३ पासून चॅट किंवा ब्राउझरमधून थेट आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही. दुकानांच्या ठरलेल्या पद्धतीने आलेल्या ॲपला ती अडवणूक नाही. गूगलने भारतात सुरू केलेलं प्ले प्रोटेक्टचं (फोनमधली ॲप तपासणारी गूगलची सोय) जास्तीचं संरक्षणही ब्राउझर, मेसेजिंग आणि फाइल मॅनेजरमधून येणाऱ्या फायलींवरच नेम धरतं. म्हणजे दुसऱ्या दुकानाचं दार उघडं ठेवून भामट्याचं दार बंद करण्याची सोय तयार आहे.

रद्द झालेल्या चार निर्देशांत एक असा होता की दुसऱ्या ॲप-दुकानांनाही प्ले स्टोअरमध्ये जागा द्यावी. तो रद्द झाल्याची मला सगळ्यात जास्त खंत वाटते, आणि ती तुमच्याच काळजीमुळे. फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, मराठीसह बारा भारतीय भाषांत. ते प्ले स्टोअरवर मिळत नाही. फोनमध्ये आधीपासून नसेल तर संकेतस्थळावरून फाइल उतरवायची, ‘ही फाइल घातक असू शकते’ ही सूचना ओलांडायची, ब्राउझरला परवानगी द्यायची. एका चांगल्या कंपनीचं दुकान टाकण्यासाठी माणसाला नेमकी तीच सवय लागते, जी भामट्याला हवी असते. ते दुकान प्ले स्टोअरवरून तपासून मिळालं असतं तर इशारा दिसला की थांबायचं, हा एकच नियम घरातल्या म्हाताऱ्यांना सांगता आला असता. तोवर निदान एवढं करा: दुकान टाकून झालं की सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या ‘स्पेशल ॲक्सेस’मध्ये जाऊन ब्राउझरची परवानगी काढून घ्या, आणि व्हॉट्सॲपसमोर ‘नॉट अलाउड’च आहे ना ते घरातल्या प्रत्येक फोनवर बघा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

दंडाबद्दल तुम्ही बरोबर आहात. तो भारताच्या संचित निधीत जातो. पण आदेशाचं मोल रकमेवरून ठरवू नका, अटींवरून ठरवा. गूगलविरुद्धच्याच अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने मान्य केलेल्या तडजोडीत रक्कम होती अवघी २०.२४ कोटी, पण भारतात विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड टीव्हींसाठी प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेसचा परवाना सुटा मिळू लागला, संच घ्यायची सक्ती गेली. अटी पाळल्या जातात का यावर कोणीतरी डोळा ठेवावा लागतो, हेही खरं. युरोपात मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवायचं कबूल केलं होतं. विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये तो मे २०११ ते जुलै २०१२ दिसलाच नाही, दीड कोटी लोकांना. त्यासाठी २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला.

‘ग्राहकाने जायचं कुठे?’ असं तुम्ही विचारलंत. फोन कंपनीने स्वतः कोंबलेली जाहिरातबाज ॲप, अपडेटनंतर आपोआप आलेले खेळ, जाहिरातीत सांगितलेल्यापेक्षा कमी मोकळी जागा, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालची तक्रार. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवा, नाही सुटली तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. करारांमुळे बाजारच अडला असेल तर स्पर्धा आयोग, तिथे कोणतीही व्यक्ती माहिती दाखल करू शकते. आणि आयोगाचा आदेश झाल्यावर ज्याचं नुकसान झालं त्याला कलम ५३एन खाली अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. तिथे नुकसान आकड्यांत सिद्ध करावं लागतं, म्हणून ती वाट एकट्या ग्राहकापेक्षा ॲप बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या जास्त उपयोगाची. दोन्हीकडे जाण्याआधी खरेदीचं बिल, फोनचा मॉडेल आणि बिल्ड नंबर, आणि पहिल्यांदा फोन सुरू करतानाच्या पडद्यांचे फोटो जवळ ठेवा. स्वतःच्या पडद्यांचा स्क्रीनशॉट त्या वेळी बहुधा घेता येत नाही, म्हणून दुसऱ्या फोनने काढा.