गृहपाठ न करणारा मुलगा आणि प्रज्ञा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय, की प्रज्ञावान, म्हणजे वयाच्या मानाने असामान्य बुद्धीची मुलं, हे हौशी आईवडिलांचं खूळ आहे, खरी बुद्धी गुणांत दिसतेच आणि नाही ओळखली तरी ती आपली वाट काढते. पुरावा म्हणून तुमच्या वर्गातला मुलगा सांगितलात: घरचे त्याला असामान्य म्हणतात, पण गृहपाठाची वही कायम अर्धवट.

हौशी पालकांबद्दलचं तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. चार वर्षांचं मूल देशांच्या राजधान्या घडाघडा म्हणतं, ते बहुतेकदा पाठांतर असतं. मी त्यापुढचा प्रश्न ऐकते. ‘देश एवढा मोठा, मग राजधानी अशी कडेला का?’ हे मुलाने आपणहून विचारलं, तर मी थांबते.

पण गुणांचं काय घेऊन बसलात? तिसऱ्या गणितातच रीत उमगलेल्या मुलाला तसलीच आणखी वीस दिली, तर ते वही मिटणारच. काही मुलं वर्गात वेगळी पडू नयेत म्हणून येत असलेलं उत्तरही देत नाहीत. आणि सगळ्यांत जास्त वाईट मला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनात अडचण, असलेल्या तल्लख मुलांचं वाटतं. बुद्धीच्या जोरावर ती कशीबशी सरासरी गाठतात, त्यामुळे त्यांची अडचणही कुणाला दिसत नाही आणि बुद्धीही.

चाचण्याही चुकतात, हे मान्य. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियात आपल्या अभ्यासासाठी बुद्ध्यंकावरून प्रज्ञावान मुलं निवडायला सुरुवात केली, तेव्हा विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ दोघेही निवडीत बसले नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, 1956 आणि 1968 मध्ये. तुम्ही म्हणाल, बघा, काढलीच ना वाट! त्यांनी काढली म्हणून त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांना काढता आली नाही, त्यांची मोजदाद कोण करणार?

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड जिल्ह्याच्या शाळांत पूर्वी शिक्षक किंवा पालकांनी नाव सुचवलं तरच मुलाची प्रज्ञेसाठी चाचणी होई. 2005 पासून दुसरीच्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घेऊ लागले, आणि प्रज्ञावान ठरलेल्यांत गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण खूप वाढलं. ही मुलं आधीही त्याच बाकांवर बसत होती, त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. सर, माझी सगळी तळमळ या मुलांसाठी आहे. हौशी पालकांच्या मुलांसाठी बोलायला त्यांचे पालक आहेत.

तुमच्या त्या मुलासाठी एक करून पाहाल? पुढच्या गृहपाठातली सर्वांत अवघड पाच गणितं त्याला आधी द्या. ती बरोबर आली तर उरलेली माफ, आणि त्या वेळात त्याच विषयातलं काहीतरी खोल द्या. पाचही चुकली, तर नेमकं कुठे अडतंय ते त्याच्याशेजारी बसून बघा. काय झालं ते मला जरूर कळवा, मी वाट बघते.